खेड्यातून पहिल्यांदा जहाजावर जाताना: चाचे आणि सायबर हल्ले यांच्याविरुद्ध नवख्या खलाशाची तयारी

यवतमाळ, वाशीम, वर्धा, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खेड्यांतूनही आता मुले-मुली व्यापारी जहाजांवर नोकरीला जाऊ लागली आहेत. कोकणातल्या मुलाच्या घरी कुणीतरी काका-मामा दर्यावर जाऊन आलेला असतो आणि जहाजावरच्या बऱ्याच गोष्टी त्याच्या कानावरून आधीच गेलेल्या असतात. दारव्हा तालुक्यातल्या माझ्यासारख्याला मात्र समुद्र पहिल्यांदा दिसतो तो प्रशिक्षणासाठी मुंबईला उतरल्यावर. प्रशिक्षणात पोहणे, आग विझवणे, दोरांच्या गाठी हे सगळे नीट शिकवतात. सुरक्षेचा भाग मात्र बहुतेक वेळा इंग्रजी संक्षेपांची यादी होऊन राहतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. पुढे जहाजावर पाय ठेवल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच त्याच नवख्याला गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढण्याच्या शिडीपाशी, उभे केले जाते आणि जहाजावर कोण चढणार, कोण नाही, हे आधी त्यालाच पाहावे लागते.

मी डेक विभागात काम करतो. माझे ठाम मत असे आहे की चाचे असोत वा संगणकातले विषाणू, जहाजात शिरताना ते बहुधा सर्वांत कनिष्ठ माणसाच्या पहाऱ्यातूनच शिरतात. म्हणून जहाज आणि बंदर राखण्याची तयारी कॅप्टनइतकीच तुम्हीही करायला हवी. ती कोणत्या क्रमाने करावी, ते पुढे सांगितले आहे.

1. आधी नोकरी देणाऱ्याची खात्री करा

सुरक्षेची सुरुवात गावातच होते. भारतात खलाशांची भरती करण्यासाठी नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला सगळे जण ‘आरपीएसएल’ म्हणतात. परवानाधारक कंपन्यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. कंपनीचे नाव, परवाना क्रमांक आणि त्याची मुदत हे तिन्ही तपासल्याशिवाय कुणालाही कागद देऊ नका. सागरी कामगारांविषयीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचे अधिकृत नोंदपुस्तक) आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च तेवढा आपला असतो. सोयाबीन विकून आलेले पैसे किंवा शेतावर काढलेले कर्ज एजंटाच्या हाती देऊन, खोट्या कागदांवर भलत्याच जहाजावर जाऊन पोहोचलेली मुले आपल्या भागात आहेत. अशा जहाजांवर मालक सर्वांत आधी सुरक्षेच्या खर्चाला कात्री लावतो, त्यामुळे ही फसवणूक केवळ पैशापुरती राहत नाही.

जाण्यापूर्वी पुढील कागद एका जलरोधक पाकिटात मूळ प्रतींसह ठेवा आणि सगळ्यांच्या झेरॉक्स घरी द्या:

- पासपोर्ट, सीडीसी आणि इंडॉस क्रमांकाची (खलाशाच्या राष्ट्रीय नोंदणी क्रमांकाची) नोंद
- मूलभूत सुरक्षेच्या चार अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे: जीवरक्षण, प्रथमोपचार, अग्निशमन आणि वैयक्तिक सुरक्षितता
- नेमून दिलेल्या सुरक्षा-कर्तव्यांचे प्रमाणपत्र, म्हणजेच ‘एसटीएसडीएसडी’
- महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पीतज्वराच्या लसीची पुस्तिका
- दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला नोकरीचा करार

यात एक सापळा हमखास आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, असे आपल्याकडे सर्रास असते. बंदराच्या फाटकावर पहारेकरी तुमचे नाव जहाजाच्या क्रू लिस्टशी अक्षरन् अक्षर ताडून पाहतो. तेव्हा नागपूरला पासपोर्टची पडताळणी होण्याआधीच नावे एकसारखी करून घ्या.

2. सुरक्षेचा अभ्यासक्रम परीक्षेपुरता करू नका

एसटीएसडीएसडी हे प्रमाणपत्र बहुतेक संस्था इतर अभ्यासक्रमांबरोबरच देतात. त्याचा पाया आहे ‘आयएसपीएस’, म्हणजे जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता. अमेरिकेवरील 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ती तयार केली आणि 1 जुलै 2004 पासून ती लागू झाली. तिच्यातल्या तीन पातळ्या पक्क्या लक्षात ठेवा. पहिली पातळी म्हणजे रोजचा, कायमचा पहारा. धोका वाढल्याची खबर असेल तेव्हा दुसरी, आणि घटना घडण्याच्या बेतात असेल किंवा घडत असेल तेव्हा तिसरी पातळी लागू होते. बंदराची पातळी दुसरी असेल तर जहाजाला पहिलीवर राहता येत नाही.

तीन माणसेही ओळखून ठेवा. जहाजावर सुरक्षा अधिकारी असतो, कंपनीच्या कार्यालयात त्याच्या वरचा अधिकारी असतो आणि बंदराचा सुरक्षा अधिकारी वेगळा असतो. तुमचा संबंध पहिल्याशी. बहुतेक जहाजांवर तो चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचा डेक अधिकारी, किंवा स्वतः कॅप्टनच असतो.

3. जहाजावर चढताच चार गोष्टी विचारून घ्या

काम देण्यापूर्वी नव्या माणसाला जहाजाच्या सुरक्षेची ओळख करून देणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात जहाज बंदरातून निघण्याच्या घाईत असते आणि ती ओळख एका फॉर्मवरच्या सहीवर उरकली जाते. सही करण्यापूर्वी विचारा: धोक्याची घंटा कशी वाजते आणि ती आगीच्या घंटेपासून वेगळी कशी ओळखायची? सिटाडेल, म्हणजे चाचे चढल्यास सर्वांनी लपायची खोली, कुठे आहे? ड्रोन किंवा क्षेपणास्त्राच्या धोक्यात कुठे जमायचे? आणि संशयास्पद काही दिसले तर वॉकीटॉकीच्या कोणत्या चॅनेलवर कुणाला सांगायचे? प्रश्न विचारल्याबद्दल कुणी नाक मुरडले तरी विचाराच. पहिल्या संध्याकाळीच एकदा केबिनपासून सिटाडेलपर्यंत चालत जा, आणि नंतर दिवे बंद असल्याचे मानून हाताने चाचपडत पुन्हा एकदा जा.

4. गँगवेचा पहारा

बंदरात जहाज लागले की वर येण्याची एकच वाट असते, ती म्हणजे गँगवे. तिथे एक नोंदवही, पाहुण्यांचे बिल्ले, येणाऱ्यांची यादी आणि तुम्ही. प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहायचे, नाव यादीशी ताडायचे, कुणाला भेटायचे आहे ते विचारायचे, वेळ लिहायची, बिल्ला द्यायचा आणि जहाजावरच्या माणसाने येऊन सोबत नेल्याशिवाय पाहुण्याला आत सोडायचे नाही. पातळीनुसार पिशवीही तपासावी लागते.

एका परदेशी बंदरात रात्री उशिरा नारिंगी बॉयलर सूट आणि हेल्मेट घातलेला एक मनुष्य गँगवे चढून माझ्यापुढे उभा राहिला. ब्रिजवरचा (जहाज चालवण्याच्या खोलीतला) ईसीडीआयएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशाचा संगणक, अद्ययावत करायला आल्याचे त्याने सांगितले. गळ्यात ओळखपत्र होते, हातात लॅपटॉपची पिशवी होती, बोलणे सराईत होते. पण यादीत नाव नव्हते. मी त्याला शेवटच्या पायरीवरच थांबवले आणि ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला, थर्ड मेटला, कळवले. थर्ड मेटने जहाजाच्या बंदरातल्या एजंटला फोन लावला. खात्री होईपर्यंत तो माणूस खाली धक्क्यावर थांबला आणि त्याची चिडचिड मला वरपर्यंत ऐकू येत होती. शेवटी तो खराच तंत्रज्ञ निघाला. एजंटाने नाव कळवायचे राहून गेले होते. वर आल्यावर त्याचा पेनड्राइव्ह आधी जहाजाच्या जाळ्याला न जोडलेल्या एका वेगळ्या संगणकावर तपासला आणि मगच ब्रिजवर नेला. तो खरा निघाला म्हणून त्याला थांबवणे चुकीचे ठरत नाही. जहाजाचा संगणक बिघडवू पाहणारा माणूसही असाच कपडे करून, असाच घाईत येईल.

गणवेश, वय आणि चढा आवाज यांना भिऊ नका. आपल्याकडे साहेबापुढे मान खाली घालण्याची सवय लहानपणापासून लागलेली असते आणि गँगवेवर तीच सवय धोक्याची ठरते. नम्रपणे, पण ठामपणे “थोडं थांबा, अधिकाऱ्यांना विचारतो” एवढे वाक्य कामापुरत्या इंग्रजीत पाठ करून ठेवा.

5. नांगरावर आणि धोक्याच्या पट्ट्यात

समुद्री कायद्यात चाचेगिरी म्हणजे खुल्या समुद्रात खासगी लाभासाठी केलेली लूट किंवा हिंसा. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत तोच प्रकार घडला तर त्याला जहाजावरील सशस्त्र दरोडा म्हणतात आणि त्या देशाचे पोलीस तो हाताळतात. खलाशासाठी दोन्हींतला धोका सारखाच. आंतरराष्ट्रीय सागरी ब्यूरोच्या क्वालालंपूर येथील केंद्राकडे 2024 मध्ये जगभरातून अशा 116 घटनांची नोंद झाली.

धोक्याचे स्वरूप मात्र जागेनुसार बदलते. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत चोर रात्री, हळू चालणाऱ्या आणि पाण्यालगत डेक असलेल्या जहाजांवर मागच्या बाजूने चढतात, इंजिनाचे सुटे भाग उचलतात आणि कुणी पाहिले की बहुधा पळ काढतात. पश्चिम आफ्रिकेजवळच्या गिनीच्या आखातात खंडणीसाठी माणसेच पळवून नेण्याचे प्रकार घडले आहेत. सोमालियाच्या टोळ्या अख्खे जहाज ताब्यात घेतात. 14 डिसेंबर 2023 रोजी त्यांनी ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवले. मार्च 2024 मध्ये भारतीय नौदलाची युद्धनौका आयएनएस कोलकाता आणि नौदलाचे मार्कोस कमांडो यांनी त्यावरच्या 17 जणांची सुटका केली आणि 35 चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. भारताच्या 2022 च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्यामुळे अशा आरोपींवर आपल्या न्यायालयांत खटला चालवता येतो.

अशा पट्ट्यात शिरण्यापूर्वी जहाजावर तयारी होते. काटेरी तारांची वेटोळी कठड्यावर बांधतात, फायर होज बाहेरच्या दिशेने रोखून ठेवतात, बाहेरचे दरवाजे आतून बंद करतात आणि जास्तीचे पहारे लावतात. मार्च 2025 मध्ये जहाज उद्योगाने या सगळ्या उपायांची एकत्रित पुस्तिका काढली; ‘बीएमपी’ या नावाची ती पुस्तिका ब्रिजवर असते, ती मागून घेऊन वाचा. एडनच्या आखातातून जाताना जहाजाची नोंदणी करणे आणि ‘यूकेएमटीओ’ या ब्रिटिश नौदलाच्या केंद्राला स्थिती कळवत राहणे हे अधिकाऱ्यांचे काम. भारतीय नौदलाचे असेच माहिती केंद्र 2018 पासून गुरुग्रामला चालते.

तुमचे काम डोळ्यांचे आहे. आपल्याकडे रानडुक्कर आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून मळ्यावर जागल करतात, त्या जागलीची सवय इथे फार उपयोगी पडते: अंधाराला डोळे सरावू द्यायचे, एकाच जागी टक लावायची नाही आणि नेहमीच्या आवाजांतला वेगळा आवाज पकडायचा. मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला बराच वेळ लागतो, म्हणून पहाऱ्यावर मोबाइल खिशातसुद्धा नको. जहाजाच्या मागच्या बाजूला रडारवर लहान लाकडी होडी नीट दिसत नाही, तिथे माणसाचाच डोळा लागतो. मासेमारीची होडी आणि चाच्यांची होडी यांत फरक कसा करायचा? जाळी नाहीत, माणसे मात्र बरीच, शिड्या किंवा आकडे दिसतात आणि जहाजाने दिशा बदलली की तीही बदलते, अशी होडी दिसताच कळवा. शंका खोटी ठरली तरी कुणी रागावणार नाही. नांगरावर असताना हॉज पाइपचे, म्हणजे नांगराची साखळी जिथून खाली जाते त्या भोकाचे झाकण घट्ट बसले आहे का, हे प्रत्येक फेरीत हात लावून पाहा. चोर त्या साखळीवरूनही चढतात.

6. घंटा वाजल्यावर

चाच्यांची घंटा वाजली की पहाऱ्यावर नेमलेले सोडून बाकी सगळे ठरल्या जागी जमतात आणि चाचे चढण्याची वेळ आलीच तर सर्व जण सिटाडेलमध्ये जातात. ही आतून बंद होणारी, अन्नपाणी आणि स्वतंत्र दळणवळण असलेली खोली असते. नौदलाचे कमांडो जहाजावर उतरण्याचा निर्णय घेताना प्रामुख्याने तीन गोष्टी पाहतात: जहाजावरचा एकूण एक माणूस सिटाडेलमध्ये आहे का, आतून दोन्ही बाजूंनी बोलता येते का आणि इंजिन चाच्यांच्या हाती नाही ना. एक जरी माणूस बाहेर राहिला तरी सगळ्यांची सुटका अडते, कारण गोळीबारात तोच सापडू शकतो. म्हणून कागदपत्रे, पैसे, मोबाइल यांसाठी केबिनकडे वळू नका. जानेवारी 2024 मध्ये ‘लीला नॉरफोक’ या जहाजावर सोमालियाजवळ सशस्त्र माणसे चढली, तेव्हा 15 भारतीयांसह सर्व 21 जण सिटाडेलमध्ये बसून राहिले. आयएनएस चेन्नईवरील कमांडोंनी जहाज तपासले तेव्हा हल्लेखोर निघून गेले होते आणि सगळे सुखरूप बाहेर आले.

ब्रिजवर एक मुकी कळ असते. ती दाबली की जहाजावर कोणताही आवाज होत नाही, पण कंपनी आणि जहाज नोंदलेल्या देशाचे प्रशासन यांना संदेश जातो. तिच्या जागेविषयी बाहेरच्या कुणाशीही बोलू नका.

ड्रोन, क्षेपणास्त्र किंवा स्फोटकांनी भरलेली होडी यांचा धोका वेगळा. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात आणि एडनच्या आखातात असे हल्ले झाले; मार्च 2024 मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर तिघांचा जीव गेला. अशा वेळी पाण्याच्या पातळीखालच्या सिटाडेलमध्ये बसणे घातक ठरू शकते, म्हणून पाण्याच्या वर, जहाजाच्या मध्यभागी वेगळी जागा ठरवलेली असते. दोन्ही घंटांत गोंधळ करू नका.

7. पेनड्राइव्ह, मोबाइल आणि पासवर्ड

जून 2017 मध्ये ‘नॉटपेट्या’ हा संगणकी विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला आणि मर्स्क या जगातल्या बलाढ्य जहाज कंपनीचे संगणक बंद पडले. कंपनीला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. तिच्या समूहाचे न्हावाशेवा येथील टर्मिनलही त्यात ठप्प झाले. नागपूरहूनही कंटेनर रेल्वेने याच बंदराकडे जातात, त्यामुळे हा प्रश्न आपल्या कापसापासून आणि ढेपेपासून दूरचा नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये न्हावाशेव्याच्याच दुसऱ्या एका टर्मिनलवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. जुलै 2023 मध्ये जपानचे नागोया बंदर अशाच हल्ल्याने दोनहून अधिक दिवस कंटेनर हलवू शकले नाही. 2021 पासून जहाज कंपन्यांना सायबर धोक्याची व्यवस्था आपल्या सुरक्षा प्रणालीत समाविष्ट करावीच लागते.

कागदावरचे नियम अधिकारी पाहतील. तुम्ही पुढील गोष्टी कटाक्षाने पाळा. ब्रिज, इंजिन कंट्रोल रूम किंवा कार्गो ऑफिस इथल्या कोणत्याही संगणकाच्या यूएसबी खाचेत मोबाइल चार्जिंगला लावू नका. गावाकडे दिवसभर वीज गेली की जिथे खाच दिसेल तिथे वायर लावण्याची सवय जडते. जहाजावर त्याच वायरीतून विषाणू ईसीडीआयएसमध्ये शिरतो आणि रात्री अरुंद सामुद्रधुनीत नकाशाच गोठून बसतो. सिनेमांचा पेनड्राइव्ह जहाजाच्या संगणकाला कधीही लावायचा नाही. खलाशांचे वायफाय आणि जहाजाच्या कामाचे जाळे वेगळे ठेवलेले असते, ते जोडण्याची युक्ती कुणी सुचवली तरी नकार द्या. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला दिसला तर अधिकाऱ्याच्या लक्षात आणून द्या. बंदराच्या एजंटाच्या नावाने आलेल्या ईमेलमधली फाइल उघडण्याआधी पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर वाचा.

संगणक विचित्र वागू लागला, फाइली उघडेनाशा झाल्या किंवा पैशांची मागणी करणारा पडदा दिसला, तर बटणे दाबत बसू नका, काही पुसू नका. ताबडतोब अधिकाऱ्याला बोलवा आणि त्यांनी सांगितले तर जाळ्याची वायर काढा. झाकण्यात गेलेला प्रत्येक मिनिट विषाणूला पुढच्या संगणकाकडे नेतो.

8. जीपीएसवर एकट्यावर विसंबू नका

खोटे उपग्रह-संकेत सोडून जहाजाला भलतीच जागा दाखवण्याचे प्रकार काळा समुद्र, तांबडा समुद्र आणि इराणच्या आखातात झाले आहेत. जहाज एकाएकी जमिनीवर किंवा विमानतळावर दिसू लागले, वेग अवास्तव झाला, की समजा. रडारवरून किनाऱ्याचे अंतर, दीपगृहाची दिशा आणि पाण्याची खोली यांवरून स्थिती काढणे अधिकाऱ्यांचे काम असले तरी लुकआउटला, म्हणजे नजरेच्या पहाऱ्यावर, दिसलेले दीपगृह वेळेवर सांगणारे तुम्हीच असता.

9. घरच्यांसाठी एक कागद

निघण्यापूर्वी मराठीत एक पान लिहून आईवडिलांना द्या: जहाजाचे नाव आणि त्याचा आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), कंपनीच्या कार्यालयाचा व आणीबाणीचा फोन, आरपीएसएल क्रमांक आणि कराराची झेरॉक्स कुठे ठेवली आहे ते. जहाजाचा मार्ग, बंदराची तारीख, डेकवरच्या तारांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, आणि घरच्यांनाही पुढे पाठवू देऊ नका.

“तुमचा मुलगा अडकला आहे, लगेच पैसे पाठवा” असा फोन आला तर आधी कंपनीच्या त्याच लिहून दिलेल्या क्रमांकावर विचारायचे, पैसे पाठवायचे नाहीत, आणि फसवणूक झालीच तर 1930 या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर तत्काळ कळवायचे, हे त्यांना दोनदा समजावून सांगा. चाच्यांनी ओलीस धरले तरी खलाशाचा करार संपत नाही आणि सुटकेपर्यंत पगार चालू ठेवावा लागतो, असा बदल 2006 च्या त्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात डिसेंबर 2020 पासून लागू आहे. कंपनीने टाळाटाळ केली तर घरच्यांनी नौवहन महासंचालनालयाकडे लेखी तक्रार करावी. तुमचा नोकरीचा करार खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या सामूहिक वाटाघाटींखालचा असेल, तर युद्धसदृश ठरवलेल्या पट्ट्यात जाण्यास नकार देण्याचा आणि कंपनीच्या खर्चाने परत येण्याचा हक्कही त्यात असतो. ते कलम शोधून त्याच पानावर त्याचा क्रमांक लिहून ठेवा.